स्पीकरच्या जाळीचं कापड बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरपासून किनवटपर्यंतच्या वाचकांकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. जाळी म्हणजे स्पीकरच्या तोंडावर बसणारी, कापड ताणलेली चौकट, म्हणजेच फ्रेम. सगळी उत्तरं घरातल्या स्पीकरसाठी आहेत. मंडपातल्या मोठ्या खोक्यांचं गणित वेगळं असतं. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आलेली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कापड फाटलंय. जाळी काढून उघडाच स्पीकर वाजवला तर काय बिघडतं?

आवाजाचं बहुधा काहीच बिघडत नाही, उलट पुष्कळ स्पीकर उघडेच जास्त स्वच्छ वाजतात. बिघडतं ते ट्वीटरचं, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज काढणाऱ्या छोट्या भागाचं. घरगुती स्पीकरमधला ट्वीटर साधारण २५ मिलिमीटरचा, रेशमी कापडाचा किंवा कागदासारख्या पातळ अॅल्युमिनियमचा घुमट असतो. लहान पोराचं बोट लागलं की तो आत बसतो. रेशमी घुमटावर बहुधा किंचित चिकट लेप असतो आणि त्यावर धूळ बसली की ती पुसून निघत नाही. मार्च ते मे या दिवसांत आपल्याकडं काळ्या मातीची जी बारीक धूळ उडते, ती खिडक्या लावल्या तरी घरात येतेच. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की मराठवाड्यात स्पीकर कायमचा उघडा ठेवू नये. मन लावून ऐकायचं असेल तेव्हा जाळी काढा, ऐकून झालं की परत लावा.

२. पातळ कापड कुठलंही चालतं ना? पातळ म्हणजे आवाज जाणारच.

नाही. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. ड्रेसच्या आतलं अस्तर पातळ असतं, छत्रीचं कापडही पातळ असतं, पण दोन्हींची वीण इतकी दाट असते की हवा आरपार जात नाही. आपल्याला हवं ते विरळ विणीचं कापड. जाडी दुय्यम आहे.

धाग्यांमधल्या भोकांतून हवा मोकळी हलली तर आवाज जवळपास जसाच्या तसा पलीकडे जातो. भोकं बुजलेली असतील तर आवाज जायला अख्खं कापडच हलावं लागतं. वूफरचा, म्हणजे खालच्या मोठ्या गोलाचा, खर्ज सेकंदाला पन्नास-शंभर वेळा हलतो, तेवढं कापड सहज हलतं. टाळांच्या किणकिणीत सेकंदाला दहा हजार वेळा थरथरणारा भाग असतो, आणि तिथं कापडाचं वजन आड येतं. म्हणून चुकीचं कापड लावलं तरी ढोलकीचा धुम् तसाच राहतो, पण टाळांची धार बोथट होते आणि गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ तोंडावर रुमाल धरल्यासारखे ऐकू येतात. पुष्कळजण मग अॅम्प्लिफायरचा ट्रेबल वाढवतात. त्यानं ट्वीटरवर उगाच ताण येतो आणि मूळ दोष जागेवरच राहतो.

३. दुकानात उभ्या उभ्या कापड कसं तपासायचं?

फुंकर मारून. कापडाचा एकच थर घ्या, दुमडलेला नको. तो ओठांपासून दोन बोटं लांब धरा आणि त्याच्या मागं वीतभर अंतरावर दुसऱ्या हाताचा तळवा ठेवा. बशीतला चहा निववताना मारतो तशी हळू फुंकर मारा. कापड मधे असताना आणि नसताना तळव्यावर हवा जवळपास सारखी लागली पाहिजे. कापडच फुगून पुढं गेलं आणि तळवा कोरडाच राहिला, तर ठाण परत करा, रंग कितीही आवडलेला असो. जोरात फुंकू नका, जोराच्या फुंकरीनं दाट कापडातूनही थोडी हवा निघते आणि फसगत होते.

मग कापड ट्यूबलाइटसमोर धरा. उजेडाचे बारीक ठिपके सगळीकडं सारखे दिसले पाहिजेत. कुठं दाट, कुठं विरळ पट्टे दिसले तर ताणल्यावर ते आणखी उठून दिसतात. उभं आणि आडवं दोन्हीकडून ओढून सोडा. सोडल्यावर ते मूळ मापावर आलं पाहिजे. कापलेली कड नखानं खरवडून बघा, लगेच धागे सुटले तर स्टेपलरच्या पिना मारताना तिथूनच उसवणार. शेवटी ओला पांढरा रुमाल चोळा. काळ्या आणि मरून कापडांचा रंग पुष्कळदा सुटतो.

४. फुंकर ठीक आहे, पण खात्री कशी करायची?

आधी पाव मीटर तुकडा आणा आणि तो भरतकामाच्या रिंगेत बसवा. कापड जाळीवर असेल तसंच रिंगेत ताणलेलं राहतं, म्हणून ही चाचणी नुसत्या लोंबत्या तुकड्यापेक्षा खरी. ओळखीचं, टाळ किंवा झांज असलेलं गाणं लावा, डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी ती रिंग ट्वीटरसमोर मधेच आणायला, मधेच काढायला सांगा. ती कधी आली हे तुम्हाला ओळखता आलं नाही, तर कापड पास.

आकडा हवा असेल तर मोबाइलवर ध्वनीचा आलेख दाखवणारं एखादं मोफत अॅप घ्या आणि स्पीकरवर पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्या असलेला, धबधब्यासारखा सलग आवाज) लावा. मोबाइल ट्वीटरच्या उंचीवर, एक मीटर अंतरावर स्टुलावर ठेवा. कूलर, पंखा बंद. कापडाशिवायचा आलेख घ्या, मग मोबाइल तसूभरही न हलवता कापड लावून घ्या. मोबाइलचा माइक अचूक नसतो, पण इथं त्याच माइकनं दोनदा मोजून फरक काढायचा असल्यामुळं चालतो. ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग बघा. फरक १ डेसिबलच्या आत असेल तर उत्तम, २ पर्यंत चालवून घेता येतं, ३ किंवा जास्त असेल तर ते कापड पडद्याला वापरा.

५. सुती घ्यावं की पॉलिस्टर?

होजिअरी विणीचं, झिरझिरीत पॉलिस्टर. सुती कापडावर आमचा राग नाही, पण सूत हवेतला ओलावा भरपूर पितं. नेहमीच्या हवामानात सुती धाग्यात त्याच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा असतो, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नसतो. त्यामुळं मे महिन्यात खणखणीत ताणलेलं सुती कापड श्रावणात झोळ धरतं. होजिअरी विणीचा दुसरा फायदा असा की ती चारही बाजूंना थोडी ताणली जाते आणि कोपऱ्यांवर सुरकुत्या पडत नाहीत.

सुतीच हवं असेल तर मलमल घ्या. आधी दोनदा धुऊन तिची खळ पूर्ण काढा. नव्या मलमलीत खळीनं भोकं भरलेली असतात, त्यामुळं न धुता केलेली फुंकर-चाचणी खोटी ठरते. जॉर्जेटमधून आवाज छान जातो, पण ते फार आरपार दिसतं आणि नख लागलं की धागा ओढला जातो. मच्छरदाणीची जाळी आवाजाला निर्दोष, दिसायला चमकदार आणि धुळीला बिनकामाची. तागाचं गोणपाट विरळ असतं, पण त्याची कुसं गळून वूफरवर पडतात. खुर्चीच्या पाठीची जाळी मजबूत असते, पण तिचे प्रकार इतके आहेत की प्रत्येक वेळी फुंकरच विचारावी.

६. आमच्याकडं लातुरात स्पीकरचं कापड म्हणून काही मिळतच नाही. काय नावानं मागायचं?

‘स्पीकरचं कापड’ म्हटलं की कापडदुकानदार गोंधळतो. गंजगोलाईत काय किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीत काय, ‘होजिअरी जाळी’, ‘पॉलिस्टर नेट, बारीक भोकाची’, ‘टी-शर्टच्या आतली जाळी’ असं मागा. खेळाच्या जर्सीचं बारीक भोकांचं कापड पुष्कळदा फुंकर-चाचणीत पास होतं. गाडीची सीट कव्हरं शिवणाऱ्यांकडं आणि कार ऑडिओवाल्यांकडं काळी जाळी मिळते. तिथं एक जपा. खोक्याला बाहेरून चिकटवायचं जाड, फेल्टसारखं कापडही तिथं ‘स्पीकरचं कापड’ म्हणूनच विकतात. ते तोंडावर लावलं तर आवाज कोंडतो.

खास जाळीसाठीच विणलेलं कापड हवं असेल तर नांदेडकरांना हैदराबादच्या कोठी भागातली गुजराती गल्ली सोयीची, बाकीच्यांना पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन मागवताना फोटोवर जाऊ नका, आधी नमुना मागवा.

७. घरात हिमरूची जुनी शाल आहे. ती लावली तर?

कल्पना सुंदर आहे, पण तोंडावर लावू नका. हिमरू सूत आणि रेशीम मिळून विणलेलं असतं, आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूनं मोकळे धावतात. म्हणजे जिथं नक्षी तिथं दुहेरी थर. आवाज अडतो आणि तोही प्रत्येक जागी वेगवेगळा. पैठणीच्या पदरानंही आवाज अडतो, तिथं जरीची दाट वीण असते. साधी खादी दाट असते. मात्र फार विरळ हातमाग खादीही मिळते, ती प्रश्न ३ प्रमाणे पास झाली तर खुशाल लावा, सुती कापडाची प्रश्न ५ मधली अडचण धरून.

हिमरू दिसायला हवंच असेल तर दोन वाटा आहेत. फ्रेमच्या अगदी खाली, जिथं मागं वूफरही नाही आणि खर्जासाठी खोक्याला ठेवलेलं हवेचं भोकही नाही, तिथं चार बोटांची पट्टी लावा. किंवा स्पीकर बंद असताना वरून घालायची खोळ शिवा. दुसरी वाट चांगली, कारण त्यात शालीला कात्री लावावी लागत नाही. खोळ उघडता येईल अशा कडेनं शिवली की झालं.

८. एका जोडीला किती कापड लागतं?

फ्रेमच्या मापात प्रत्येक बाजूला ६ सेंटिमीटर मिळवा : साधारण २ जाडीला, ४ मागं वळवायला आणि धरून ओढायला. समजा फ्रेम २५ बाय ६० सेंटिमीटर आहे, तर तुकडा ३७ बाय ७२ चा. १५० सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडात काठ सोडून असे तीन तुकडे शेजारी शेजारी बसतात. म्हणजे पाऊण मीटर घेतलं की जोडी होऊन एक तुकडा हाताशी राहतो. तो राहू द्याच, पहिल्या वेळी एक तरी कोपरा बिघडतो.

दोन्ही तुकड्यांची उभी वीण उभीच ठेवा आणि सुलटी बाजू एकच ठेवा. कापड वाचवायला एक तुकडा आडवा कापला, तर संध्याकाळच्या तिरप्या उजेडात दोन स्पीकर दोन छटांचे दिसतात. कापण्याआधी दोन्ही तुकड्यांच्या वरच्या कडेला खडूची खूण करा.

९. जुनं कापड काढताना काय सांभाळायचं?

आधी फ्रेम. ती खोक्यावर चार किंवा सहा खुंट्यांवर बसलेली असते. खुंटीच्या जवळ बोटं घालून एकेक कोपरा थोडा थोडा सैल करा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, तो निसटला की थेट वूफरच्या कागदात जातो.

नावाची पट्टी मागच्या बाजूनं दोन बारीक टोकांवर दाबून बसवलेली असते. तिची जागा मोजून लिहून ठेवा आणि टोकं मागून हलकेच ढकला. नव्या पॉलिस्टर कापडात तिची भोकं पाडताना सुई तापवून टोचा, भोकाची कड वितळून बसते आणि वीण उसवत नाही.

जुना डिंक हेअर ड्रायरनं शेकला की मऊ होतो, मग कापड एका कडेनं सोलत न्या. पिना पकडीनं एकेक काढा, अर्धवट तुटलेली पिन राहिली तर नवं कापड तिथंच फाटतं. फ्रेम फिकट रंगाची असेल आणि नवं कापड झिरझिरीत असेल, तर फ्रेमला आधी बिनचमकीचा काळा रंग द्या, नाहीतर कापडाआडून तिचे पट्टे दिसतात. जुनं कापड लगेच फेकू नका. नव्याशी फुंकर मारून तुलना करायला ते लागतं.

१०. ताणायचं नेमकं कसं? माझ्याकडून दर वेळी लाटा येतात.

लाटा येतात त्या एका कडेनं सुरू करून सरळ पुढं जात राहिल्यामुळं. मधून कोपऱ्याकडं जायचं असतं.

टेबलावर स्वच्छ चादर टाका, तिच्यावर कापड सुलटी बाजू खाली करून पसरा आणि वर फ्रेम पालथी ठेवा. लांब बाजूच्या बरोबर मध्यावर कापड मागं वळवून एक पिन मारा. समोरच्या लांब बाजूच्या मध्यावर ओढून दुसरी. मग दोन्ही आखूड बाजूंचे मध्य. चार पिना झाल्या की कापडावर अधिक चिन्हासारखा ताण दिसतो. आता प्रत्येक मध्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटिमीटरवर पिन मारत, दर वेळी समोरासमोरच्या बाजू बदलत कोपऱ्यांकडं सरका. बाजेची नवार जशी एकाच अंगानं पूर्ण आवळत नाहीत, तसंच.

दर चार पिनांनंतर फ्रेम उलटवून समोरून बघा. विणीची एखादी उभी ओळ पकडा आणि ती फ्रेमच्या कडेला समांतर धावते का ते पाहा. धनुष्यासारखी वाकली असेल तर त्या भागातल्या पिना काढून पुन्हा मारा. पुढं जाऊन सुधारेल असं होत नाही.

किती ताणायचं? मीटरमागं तीन-चार सेंटिमीटर लांबेल इतकंच. बोटानं दाबलं तर कापड खाली जावं आणि सोडताच सपाट व्हावं. ढोलकीसारखं कडक केलं तर भोकं लांबट होतात, पातळ फ्रेम कमानीसारखी वाकते आणि खुंट्या खोक्यात बसत नाहीत.

कोपरा शेवटी. टोक तिरकं आत ओढून एक पिन मारा, दोन्ही बाजूंना उरलेले कान पाकिटासारखे घडी करून दाबा, जादा कापड कापा. कोपऱ्यापासून एक सेंटिमीटरच्या आत एमडीएफला (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीला) पिन मारू नका, तो थरांत फुटतो. ९ ते १२ मिलिमीटर जाडीच्या फ्रेमला ६ मिलिमीटरची पिन पुरते, त्याहून लांब पिन समोरून डोकावू शकते.

शेवटी उरलेल्या बारीक सुरकुत्यांवर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवा. पॉलिस्टर थोडं आकसून सपाट होतं. इस्त्री टेकवू नका.

११. डिंक कोणता वापरावा?

लाकडी आणि एमडीएफ फ्रेमला पिना असतील तर डिंक लागतही नाही. लावायचाच तर रबरी डिंक, म्हणजे फेव्हिकॉल एसआरसारखा किंवा चांभार वापरतात ते सोल्युशन. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, बोटाला लागेनासा झाला की दाबा. ओला असतानाच दाबला तर तो विणीतून समोर फुटतो आणि तो डाग कधीच जात नाही. डिंक फक्त फ्रेमच्या मागच्या बाजूला लावायचा, पुढच्या तोंडाला आणि मधल्या आडव्या पट्टीला अजिबात नाही. प्लास्टिकच्या फ्रेमला आधी मागं एक थेंब लावून पाहा, काही प्लास्टिक या डिंकानं विरघळतं.

पांढरा लाकडाचा डिंक पाण्याचा असतो, एमडीएफची कड त्यानं फुगते. ग्लू गन झटपट वाटते, पण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि पश्चिमेच्या खिडकीशेजारी स्पीकर याहून तापतो. ताणलेलं कापड त्या मऊ पडलेल्या डिंकातून हळूहळू सुटत जातं.

१२. माझी फ्रेम प्लास्टिकची आहे, पिन घुसत नाही. मागं खाच दिसते.

ती खाच कापड दाबून बसवण्यासाठीच असते. खिडकीच्या मच्छरजाळीत जी रबरी दोरी दाबतात, तीच पद्धत. जुनी दोरी कडक झाली असेल तर अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून खाचेच्या मापाची नवी घ्या आणि त्याच्याकडची दाबायची चकतीही एका दिवसासाठी मागून आणा. नवं कापड जुन्यापेक्षा जाड असेल तर एक माप बारीक दोरी लागते. बसवण्याचा क्रम प्रश्न १० मधलाच, मध्याकडून कोपऱ्याकडं. खाच नसून नुसती उभी टोकं असतील तर कापड त्यांच्यावर अडकवून मग रबरी डिंकाचा ठिपका द्या.

१३. पांढरं कापड लावलं तर आतले काळे गोल दिसतात. मागं काळं अस्तर लावू का?

अस्तर नको. दुसरा थर म्हणजे दुप्पट अडथळा, आणि दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की पाण्यासारख्या लाटांची नक्षीही दिसू लागते. गोल दिसण्याचं कारण बहुधा वूफर काळा आणि त्याभोवतीची फळी लाकडी रंगाची, हा फरक असतो. फळीला बिनचमकीचा काळा रंग दिला की तो फरक मिटतो. स्पीकर काढायची गरज नाही, कागद आणि मास्किंग टेपनं ते झाका आणि ब्रशनं रंग द्या. फवारा मारू नका. त्यापेक्षाही सोपं म्हणजे राखाडी किंवा गव्हाळ रंग घेणं. शुभ्र कापडावर उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ वर्षभरात पिवळी झाक आणते.

१४. कापड चांगलं आहे, रंग नको आहे. रंगवता येईल का?

सुती असेल तर फ्रेमवरून काढून रंगवा. पॉलिस्टरवर घरगुती सुती रंग धरत नाही. स्प्रे पेंट धरतो, पण भोकं बुजवतो. तसं कापड बाहेरून छान दिसतं आणि फुंकर-चाचणीत नापास होतं.

१५. जाळी कापडाची नाही, स्पंजाची होती. हात लावताच चुरा झाला.

पॉलियुरेथेन स्पंज हवेतल्या ओलाव्यानं आणि उजेडानं कुजतो, तुमचा हात निमित्त. चुरा चिकट असतो, तो वूफरवर पडण्याआधी स्पीकर आडवा न करता, उभाच ठेवून मऊ ब्रशनं खाली झाडा. गादीचा स्पंज कापून लावू नका, त्याच्या पेशी दाट असतात. मत्स्यालयाच्या फिल्टरचा मोठ्या, उघड्या भोकांचा स्पंज चालतो, एक सेंटिमीटर जाडीपर्यंत. टिकाऊ उपाय हवा तर त्याच मापाची ९ मिलिमीटर प्लायची चौकट करून तिला कापड लावा. चौकटीची आतली कड ट्वीटरजवळ तिरकी तासा. चौकोनी कडेवर आवाज आपटून परततो आणि टाळांचा आवाज खरखरीत होतो.

१६. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. त्यालाही हेच नियम?

थोडे सैल. मीडियम वेव्हवरून येणाऱ्या आवाजात वरच्या पट्टीचा भाग मुळातच नसतो, त्यामुळं थोडं दाट कापडही खपतं. इथं महत्त्व दिसण्याला आहे. सोनेरी धाग्याचं जुनं कापड फक्त मळलेलं असेल तर बदलू नका, मऊ ब्रशनं धूळ काढून कोमट नाही, गार साबणपाण्याच्या फेसानं टिपा. त्या काळची काही कापडं प्लास्टिकच्या धाग्यांची असतात, ती उष्णतेनं आकसतात. ड्रायर लांब ठेवा. मागचं झाकण उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा आणि काम जाणकाराच्या देखरेखीत करा, आतल्या कपॅसिटरमध्ये नंतरही धक्का बसेल इतका विजेचा दाब राहू शकतो.

१७. जाळीवर पांढरे ठिपके आलेत, पुसून जात नाहीत.

कूलर. बोअरच्या जड पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर येऊन कापडावर सुकतात. एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी यात फडकं भिजवून घट्ट पिळा, ठिपक्यांवर टिपत राहा, घासू नका. नंतर साध्या ओल्या फडक्यानं दोनदा टिपा. फ्रेम आधी स्पीकरवरून काढलेली हवी, आणि एमडीएफची कड भिजता कामा नये. मग स्पीकरची किंवा कूलरची जागा बदला. तोच ओला झोत एमडीएफ फ्रेम फुगवतो, आणि कापड कितीही चांगलं असलं तरी त्या फ्रेमवर ते पुन्हा झोळ धरतं.

१८. कापड बदलल्यापासून खर्जाला फर्रर् असा आवाज येतो.

गाणं चालू असताना फ्रेम तळव्यानं दाबून बघा. आवाज थांबला तर खुंट्या सैल आहेत, फ्रेमच्या मागं कोपऱ्यांत पातळ फेल्टचे तुकडे चिकटवा. थांबला नाही तर कापडाच्या मध्यावर बोट टेकवा. आता थांबला तर कापड ढिलं आहे, किंवा वूफर जोरात पुढं येऊन त्याला लागतोय. वूफरची रबरी कड आणि कापड यात किमान एक सेंटिमीटर अंतर हवं. हवेचं भोक पुढच्या बाजूला असेल तर तिथली हवा कापडाला फडफडवते, तेवढ्या भागात ताण वाढवा. यातल्या कशानंच फरक पडला नाही तर जाळी काढून वाजवा. तरीही आवाज असेल तर दोष वूफरचा आहे, कापडाचा नाही.

१९. साफ कसं करायचं आणि किती वेळा?

उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा फ्रेम काढून, अंगणात नेऊन मागच्या बाजूनं मऊ ब्रशनं झाडा. चिकट रोलर असेल तर समोरून फिरवा. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या घरांत जाळीवर सरकीचे तंतू चिकटतात, तेव्हा रोलरच लागतो. व्हॅक्यूम क्लीनर फ्रेम काढल्यावरच वापरा. स्पीकरवर असताना तो ट्वीटरचा घुमट ओढून वाकवू शकतो. फ्रेमसकट बादलीत बुडवू नका.

२०. मागच्या भोकातून पाल आणि झुरळं आत जातात. तिथंही हेच कापड लावू?

कापड नको. त्या भोकातून हवा वेगानं ये-जा करते, कापडानं ती घुसमटते, खर्ज पातळ होतो आणि सूंसूं येतं. तीन ते पाच मिलिमीटर भोकांची प्लास्टिकची किंवा न गंजणारी जाळी नळीच्या आतल्या टोकाला लावा. आतून जमत नसेल तर बाहेरून टेपनं, पण ताठ. लोखंडी जाळी चुंबकाकडं ओढली जाते, ती टाळा.

२१. खुंट्या मोडल्यात. चुंबक लावून फ्रेम बसवता येईल?

येते. १० मिलिमीटर व्यासाचे, २ मिलिमीटर जाडीचे निओडिमियम चुंबक फ्रेमला आणि फळीला कोपऱ्यांत इपॉक्सीनं बसवा. चिकटवण्याआधी प्रत्येक जोडी एकमेकींना चिकटवून वरच्या बाजूला मार्करनं ठिपका द्या. एक जरी उलटा बसला तर तो कोपरा कायम बाहेर ढकलला जातो आणि वाळलेल्या इपॉक्सीतून तो काढताना फ्रेम तुटते. चुंबक ट्वीटरच्या समोर नाही, कोपऱ्यातच.

२२. पाणीरोधक ब्लूटूथ स्पीकरचं कापड बदलता येतं का?

बहुतेकांचं नाही. ते कापड प्लास्टिकच्या नळकांड्यावर कारखान्यातच चिकटवून जोडलेलं असतं, सोलताना खालच्या रबरी सीलला धक्का लागतो आणि पाण्यापासूनचं संरक्षण जातं. छोटं भोक असेल तर त्याच रंगाच्या धाग्यानं रफू करा.

२३. सगळं नीट केलं, कापड चाचणीत पास झालं, तरी आवाज आधीपेक्षा टोचतो. असं कसं?

याचं कारण जुनं कापड. काही स्पीकर जाळी लावलेली गृहीत धरूनच घडवलेले असतात, आणि त्यांचं मूळ कापड वरचा आवाज थोडा गिळायचं. शिवाय वीस वर्षांच्या धुळीनं ते आणखी बुजलेलं होतं, आणि कानाला तोच आवाज खरा वाटू लागला होता. आधी आठवडाभर ऐका. तरीही टोचत असेल तर जुना तुकडा रिंगेत लावून प्रश्न ४ प्रमाणे तुलना करा. जुना स्वच्छ धुऊनही मोठा फरक दिसला, तर फक्त ट्वीटरसमोर फ्रेमच्या मागून त्याच नव्या कापडाचा दुसरा थर लावा. प्रश्न १३ मध्ये नको म्हटलेला दुसरा थर इथं मुद्दाम हवा आहे, तेवढ्याच जागी. तो लावण्याआधी मात्र स्पीकर थेट तोंडाकडं न ठेवता दहा-पंधरा अंश बाहेर वळवून बघा. ट्वीटरचा आवाज सरळ रेषेत सर्वांत तीव्र असतो, आणि पुष्कळ घरांत एवढ्यानंच काम होतं.